सिंगापूरहून क्रूझ, पेनांगला एकच दिवस, सोबत सासू-सासरे. काय पाहावं?

मोगरा_पुणे
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या ऐन दिवसांत सिंगापूरहून क्रूझ घेतोय. बोट सकाळी आठला मलेशियातल्या पेनांगला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासूबाई सपाटीवर छान चालतात, पण पायऱ्या दिसल्या की गुडघा धरतात. सासरे कट्टर शाकाहारी, बाकी आम्ही सगळं खातो. बोटीवाल्यांच्या सहलीचे पाच जणांचे पैसे पाहून नवऱ्याने मोबाइल उलटा ठेवला. तर आपलं आपण फिरता येईल का? पेनांग हिल, केक लोक सी देऊळ आणि जुनं जॉर्जटाउन हे तिन्ही बसेल का? आधीचे धागे चाळले, सगळे लांगकावीवरच आहेत.

खारूताई
अगदी आरामात फिरता येईल. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि तो धक्का गावातच आहे. बाहेर पडलात की समोर व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा पांढरा घड्याळमनोरा. उंची ६० फूट, राणीच्या राज्याच्या ६० वर्षांचा वर्षाला एक फूट. जरा कलता दिसेल, तो महायुद्धातल्या बॉम्बचा प्रसाद. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. किल्ला म्हटल्यावर सासरे राजगडाच्या हिशोबाने निघतील, तर आधीच सांगून ठेवा. बुटक्या भिंती, चार तोफा, आणि लढाई कधी झालीच नाही. बाहेरून फोटो काढा नि पुढे चला.

तिन्ही मात्र नाही बसणार. म्हणजे बसवता येईल, पण दिवस गाडीत आणि रांगेत जाईल. जुनं शहर पक्कं धरा (२००८ पासून ते मलाक्कासह जागतिक वारसा यादीत आहे) आणि बाहेरचं एकच काहीतरी.

सह्यकडा
पेनांग हिल सोडू नका हो! १९२३ पासून तिथे डोंगरावर चढणारी रेल्वे आहे. आताचे डबे नवे आहेत, काही मिनिटांत वर. माथा ८३३ मीटर. खाली घामाच्या धारा आणि वर मस्त हवा, सगळं शहर आणि समुद्र पायाखाली. लेकीला रस्त्यावरची चित्रं पाहण्यापेक्षा हेच लक्षात राहील. सासूबाईंनाही चढायला काही नाही, गाडीच चढते.

खारूताई
@सह्यकडा, माझा विरोध डोंगराला नाही, दिवाळीला आहे. मलेशियात दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते आणि सुट्टीला अख्खं पेनांग त्या रेल्वेच्या रांगेत. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिकडचे भर पावसाचे महिने. दुपारी ढग उतरले की वर गेलेल्याला पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. बोट गाठायची असताना मी हा जुगार खेळणार नाही.

केएलकर
इथेच राहतो म्हणून सुट्टीच्या गर्दीबद्दल खारूताईंना दुजोरा. आपल्या नरक चतुर्दशीचा दिवस तोच इथल्या तमिळ मंडळींचा मुख्य दिवस. तो नेमका बोटीचा दिवस असेल तर लिटल इंडियातली काही दुकानं बंद मिळतील. पण आदल्या दिवसांत पोचलात तर मजा आहे. पताका, झेंडूच्या माळा, कानठळ्या बसवणारी तमिळ गाणी आणि मुरुक्कूचे, म्हणजे आपल्या चकलीच्या भावंडांचे, डबेच्या डबे.

कागदपत्रांचं: भारतीय पासपोर्टला ३० दिवसांपर्यंत व्हिसा नको. १ डिसेंबर २०२३ पासूनची ही सवलत मुदतवाढ मिळत २०२६ अखेरपर्यंत आली आहे. गफलत होते ती सिंगापूरची. बोट परत सिंगापूरलाच येणार, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा प्रवेश. तुमच्या व्हिसावर मल्टिपल एंट्री लिहिलंय ना, हे आजच पाहा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं का, ते बोटीच्या कंपनीलाच विचारा.

फिरायला ग्रॅब, म्हणजे इथलं उबरसारखं टॅक्सीचं अॅप. पाच जण म्हणजे सहा सीटची गाडी मागवा. धक्क्याबाहेर टॅक्सीवाले दिवसभराचं पॅकेज घेऊन अंगावर येतील, हसून पुढे व्हायचं.

तिखटमीठ
सासऱ्यांच्या पोटासाठी. लिटल इंडियात दक्षिणी शाकाहारी खाणावळी आहेत. भात, सांबार, दोन भाज्या, पापड. तिथे डोळे मिटून जेवा. बाहेर मात्र डोळे उघडे हवेत. 'भाजी आहे' म्हणून दिलेल्या परतलेल्या पालेभाजीत बेलाचान असतो, म्हणजे सुकवून आंबवलेला कोलीम. कोकणातल्यांना वासावरूनच कळेल. रोजाक तर आणखी फसवं. अननस, काकडी, कच्चा आंबा, वर शेंगदाण्याचा कूट, बघणाऱ्याला वाटेल उपासाचं. पण ती काळी चकचकीत चटणी कोळंबीची असते.

तुम्ही बाकीचे आसाम लाक्सा खा. चिंचेचा आंबट कालवणासारखा रस्सा, त्यात बांगड्याच्या जातीचा मासा आणि जाड शेवया, वर पुदिना. सकाळी सकाळी खाल्ला तरी चालतो, खरंच! 'चार क्वे त्याओ' (परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया) सगळे सुचवतील. त्यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते, चालत असेल तरच.

आणि सगळ्यांना चेंडोल. पेनांग रोडच्या लेबुह केंग क्वी गल्लीत हातगाडीवर गर्दी दिसेल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, लाल राजमा, पानदान नावाच्या सुवासिक पानाने हिरव्या केलेल्या शेवया आणि त्यावर ताडगुळाचा काळपट पाक. दुधात तो पाक ढवळायचा नाही लगेच. पहिले दोन घोट वरून दूध, खालून गूळ असे वेगळे लागले पाहिजेत.

मोगरा_पुणे
वा, केवढी माहिती! व्हिसा उघडून पाहिला, मल्टिपल एंट्री आहे, हुश्श. डोंगर रद्द (सॉरी सह्यकडा). बाहेरचं एक म्हणून केक लोक सी धरतोय, पण फोटोत पायऱ्याच पायऱ्या दिसताहेत. सासूबाईंचं कसं? आणि आधी देऊळ की आधी शहर?

खारूताई
आधी देऊळ. उतरल्या उतरल्या गाडी करा, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पोचाल. पायऱ्यांची वाट खालच्या बाजाराकडून, कासवांच्या तळ्यावरून जाते. ती टाळायची. चालकाला वरच्या वाहनतळापर्यंत न्यायला सांगा. ३० मीटरच्या ब्राँझच्या क्वान यिनकडे (करुणेची बौद्ध देवी) तिरकी लिफ्ट जाते, किरकोळ तिकीट आहे. सात मजली पॅगोडा सासूबाईंनी खालूनच पाहावा. तळ चिनी, मधला भाग थाई, कळस ब्रह्मी, हे खालूनच नीट कळतं. आत चढायला लेक आणि तिचे बाबा.

अकराच्या सुमारास परत फिरा आणि गाडी कपितान केलिंग मशिदीच्या रस्त्यावर सोडा. तिथून सगळं हाकेवर. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च (बांधणारे हात हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांचे), क्वान यिनचं जुनं देऊळ, मशीद, मागच्या अंगाला १८३३ चं मारिअम्मन देवीचं देऊळ. जेवून घ्या. मग खू कोंगसी. तिकीट काढून पाहायचं एकच ठिकाण निवडायचं तर हेच, एका चिनी कुळाचं देऊळ आणि सभागृह. छपरावरच्या नक्षीत इतकी माणसं आणि ड्रॅगन भरलेत की मान दुखते. सायकलवरच्या दोन मुलांचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र जवळच लेबुह आर्मेनियनवर आहे. सायकल खरी आहे, भिंतीला लावलेली. फोटोला रांग असते, धीर धरा.

एक अडचण सांगून ठेवते. जुन्या दुकानांपुढे छत असलेले पायवाटेसारखे ओटे आहेत. ऊन-पावसात बरे, पण एका दुकानाचा ओटा वर, दुसऱ्याचा खाली आणि मध्येच कुणाची मोटारसायकल. सासूबाईंना तिथे रस्त्याच्या कडेनेच चालवा, आणि उघड्या गटाराकडे लक्ष ठेवा. अगदीच थकल्या तर प्लॅस्टिकच्या फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षा आहेत. भाव आधी ठरवून घ्या.

सह्यकडा
सॉरी कसलं, पावसाचं मला पटलं. मग शेवटी च्यू जेटी करा. समुद्रात खांबांवर उभी चिनी वस्ती, फळ्यांचा रस्ता, पायऱ्या नाहीत. लोक राहतात तिथे, दारातून आत डोकावू नका. तिथून धक्का किनाऱ्याच्या रस्त्याने फार लांब नाही, तरी ग्रॅबच करा.

केएलकर
चारला परतीला लागा. सहाला सुटणार म्हणजे चढायची शेवटची वेळ त्याआधीची असते. ती बोटीच्या रोजच्या पत्रकात छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. रिंगिट थोडेच बदला, पण बदलाच. चेंडोलवाल्याकडे आणि रिक्षावाल्याकडे कार्ड चालत नाही. घरी न्यायला जायफळाचं तेल घ्या, सासूबाईंच्या गुडघ्याला चोळायला इथले लोक तेच सांगतील.

मोगरा_पुणे
तेल यादीत टाकलं. सासरेबुवा विचारताहेत, आसाम लाक्सा मासा वगळून मिळतो का?

तिखटमीठ
चिनी शाकाहारी ठिकाणी मिळतो, केक लोक सीच्या आवारातल्या उपाहारगृहातही विचारून बघा. हातगाडीवर नको, रस्साच माशाचा असतो.