प्रार्थना करणारी आई

मठात बसून नुसती प्रार्थना करणाऱ्या नन्सचा लोकांना काय उपयोग, असं काही जण विचारतात. मला केरळच्या सिस्टर युफ्रेशिया आठवल्या. जन्म १८७७, त्रिशूर जिल्ह्यातला. आयुष्याचा बहुतेक काळ ओल्लूरच्या कार्मेलाइट (कॅथलिक नन्सचा एक संघ) मठात गेला. त्या तासन् तास प्रार्थनेत असत, म्हणून लोक त्यांना ‘प्रार्थना करणारी आई’च म्हणत. पण दुःख घेऊन आलेल्यांचं त्या मनापासून ऐकत, आजाऱ्यांची सेवा करत. कुणी छोटीशी मदत केली तरी ‘मेले तरी विसरणार नाही हं’ असं म्हणत. मला तर हे वाक्यच फार आवडतं! १९५२ मध्ये त्या गेल्या, २०१४ मध्ये संतपद मिळालं. ऐकून घेणारं माणूस मिळणं हा उपयोग नाही का?