हलता आलेख आणि रोस्लिंग

'आलेख हलता केला की माहिती आपोआप पोचते' असं म्हणतात आणि दाखला म्हणून हान्स रोस्लिंग या आकडेवारी समजावून सांगणाऱ्या स्वीडिश डॉक्टरांचं २००६चं टेड भाषण देतात. भाषण भारी आहे, वाद नाही. पण त्यात एकेका देशाचे बुडबुडे आलेखावर वर्षांगणिक धावत असताना रोस्लिंग क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखे सतत बोलत असतात, कुठे बघायचं ते सांगत असतात. आवाज बंद करून तोच भाग बघा. एवढे ठिपके एकदम सरकायला लागले की नजर दोन-चारांच्या पलीकडे पुरत नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हेच तपासलं होतं. लोकांना ॲनिमेशन आवडलं, मजाही आली. पण स्वतः आकडे धुंडाळून उत्तरं काढायची वेळ आली तेव्हा ते मागे पडलं. प्रत्येक देशाची छोटी स्थिर चौकट शेजारी-शेजारी मांडल्यावर चुका कमी झाल्या.

गॅपमाइंडर या रोस्लिंग यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर असाच आलेख आहे, त्यात रवांडा निवडा आणि ठिपक्यामागे माग उमटवायचा पर्याय चालू करा. १९९४च्या नरसंहारात आयुर्मान कोसळतं, ते नुसत्या ॲनिमेशनमध्ये डोळ्यांची पापणी लवेपर्यंत निसटतं. माग चालू असला की ती घसरण पडद्यावर तशीच राहते, निवांत बघता येते. बार चार्ट रेसबद्दल, म्हणजे काळ सरकेल तशा लहान-मोठ्या होत एकमेकींना मागे टाकणाऱ्या पट्ट्यांच्या आलेखाबद्दल मात्र माझं मत वाईटच आहे. कोण पुढे गेलं एवढंच लक्षात राहतं. बहुतेकांत मोजपट्टीच सारखी बदलत असते, मग वाढ नेमकी किती झाली हे कळणार कसं?