ॲस्पॅरजिनेजनंतर फायब्रिनोजेन खाली आलंय, एफएफपी द्यावा का?

प्रश्न (निवासी डॉक्टर)
प्रौढ रुग्ण, एएलएल (रक्ताचा तीव्र कर्करोग), इंडक्शन (केमोथेरपीचा पहिला टप्पा) सुरू. पेगॲस्पॅरजिनेज (ॲस्पॅरजिनेजचं जास्त टिकणारं रूप; रक्तातलं ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल संपवणारं औषध) देऊन दोन आठवडे झालेत, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) ७० मिग्रॅ/डेलि, अँटिथ्रॉम्बिन (गुठळी रोखणारं प्रथिन) ४५ टक्के, प्लेटलेट ६२ हजार. कुठूनही रक्तस्राव नाही. उजव्या दंडात पीआयसीसी (दंडातून मोठ्या शिरेत नेलेली नळी) आहे. एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) द्यावा का? गुठळी झाली म्हणून हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) सुरू करावं लागलं तर डोस कसा ठरवायचा?

उत्तर (रक्तविकारतज्ज्ञ)
रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारायला एफएफपी किंवा क्रायो (फायब्रिनोजेन जास्त असलेला रक्तघटक) देऊ नका. ॲस्पॅरजिन संपलं की यकृतात प्रथिनं बनणं मंदावतं. फायब्रिनोजेनसोबत अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि एस ही गुठळी रोखणारी प्रथिनंसुद्धा घटतात. पीटी-एपीटीटीत (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्यांत) गुठळी रोखणाऱ्या प्रथिनांची ही घट दिसतच नाही. त्यामुळे पीटी लांबलाय म्हणून गुठळी होणार नाही, हा समज घातक आहे. त्यात स्टेरॉइड आणि पीआयसीसीची भर. शिवाय एफएफपीमधून ॲस्पॅरजिन परत रक्तात जातं, ते वेगळंच.

उत्तर (क्लिनिकल फार्मासिस्ट)
गुठळी सिद्ध झाली तर एनॉक्सापॅरिन (हेपारिनचाच एक प्रकार) १ मिग्रॅ/किग्रॅ दर १२ तासांनी. प्लेटलेट ५० हजारांच्या वर असतील तरच पूर्ण डोस. २५ ते ५० हजारांत निम्मा, त्याखाली सहसा थांबवतात. गुठळी ताजी असेल तर प्लेटलेट चढवून ५० हजारांवर ठेवा आणि पूर्ण डोस द्या.
हे औषध अँटिथ्रॉम्बिनशिवाय चालत नाही. म्हणून इंजेक्शननंतर ४ तासांनी अँटी-टेन-ए (हेपारिनचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) पाहा, ०.६ ते १.० युनिट/मिली हवं. लॅबला एक जरूर विचारा: काही किटमध्ये बाहेरून अँटिथ्रॉम्बिन घातलेलं असतं. तसं असेल तर रिपोर्ट चांगला येतो, रुग्णात मात्र परिणाम अपुरा असतो.
इंट्राथीकलच्या (पाठीच्या कण्यातल्या द्रवात औषध देण्याच्या) दिवशी गोंधळ होतो. एनॉक्सापॅरिनचा उपचाराचा डोस एलपीच्या (त्यासाठी कण्यात सुई घालण्याच्या) आधी २४ तास बंद हवा.

उत्तर (ऑन्कॉलॉजी वॉर्ड, सिस्टर)
दोन्ही दंडांचा घेर रोज एकाच खुणेवर मोजा. फरक वाढला, लाइनमधून (पीआयसीसीतून) रक्त मागे येईना, मानेच्या शिरा फुगल्या, तर त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). लाइन चालू असेल, संसर्ग नसेल आणि गरज असेल तर घाईने काढू नका.
डोकेदुखी एलपीमुळेच असेल म्हणून सोडून देऊ नका. एलपीची डोकेदुखी आडवं झाल्यावर उतरते. झोपल्यावर वाढणारी, उलट्या, धूसर दिसणं किंवा झटक्यासह आलेली असेल तर लगेच एमआर व्हेनोग्राफी (मेंदूच्या शिरांचा एमआरआय). साधा सीटी नॉर्मल येऊनही मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते.

प्रश्नकर्ता
गुठळी सापडली तर ॲस्पॅरजिनेज कायमचं बंद?

उत्तर (रक्तविकारतज्ज्ञ)
सहसा नाही. तूर्त थांबवा, लक्षणं निवळली आणि हेपारिनचा डोस स्थिर झाला की त्याच्या आडोशाने पुढचे डोस देता येतात. मेंदूतली मोठी गुठळी असेल तर निर्णय न्यूरॉलॉजीसोबत बसून घ्या.