मदत हवी आहे: हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो

नमस्कार मंडळी. माझी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, काट्याचा मीटर असलेली. गेल्या आठवड्यात आंबा घाट चढताना अंधार पडला म्हणून हेडलाइट लावले, तर टेम्परेचरचा काटा एकदम लाल पट्टीजवळ गेला. घाबरून गाडी बाजूला घेतली. पण वाफ नाही, कूलंटचा वास नाही, रेडिएटरचा पंखासुद्धा सुरू झालेला नव्हता. लाइट बंद करताच काटा मध्यावर परत! खरं तापलेलं इंजिन असं क्षणात थंड होणार नाही, एवढं मला कळतं.

घरी आल्यावर नीट पाहिलं. पेट्रोलचा काटाही लाइटबरोबर थोडा वर सरकतो आणि बॅटरीचा दिवा मंद लुकलुकतो. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू असताना 14.1. म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) ठीक असावा. कूलंट थंड गाडीत खुणेपर्यंत भरलेलं आहे.

मेकॅनिक म्हणतात, डॅशबोर्डचा पूर्ण मीटरच बदला. मला मात्र अर्थिंगचा (मीटरला गाडीच्या बॉडीशी, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या वायरचा) संशय आहे, कारण दोन्ही काटे एकदमच हलतात.

लाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून मीटरच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजलं, तर किती आल्यावर अर्थ खराब समजायचा? मीटरची अर्थ वायर साधारण कुठे बोल्ट केलेली असते? शनिवारी आईला रत्नागिरीला न्यायचं आहे. खोट्या काट्याच्या भरवशावर घाट उतरायचं धाडस होत नाही, कृपया लवकर सांगा.