सत्तेचे तीन तुकडे नेमके केले कुणी?

कोरा_कागद: काल एकांनी लिहिलं, "सत्ताविभाजन लॉकने सुचवलं, मॉन्तेस्क्यूने मांडलं, रूसोने लोकांपर्यंत पोचवलं." (सत्ताविभाजन म्हणजे कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे ठेवणं; तिघेही सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपीय विचारवंत.) तिन्ही थापा. लॉकच्या तीन सत्ता म्हणजे कायदे करणं, ते राबवणं आणि परकीयांशी युद्ध-तह. न्यायालय त्यात वेगळं नाहीच, वर शेवटच्या दोन एकाच हाती असाव्यात म्हणतो. रूसो तर सार्वभौमत्वाचे तुकडे करणाऱ्यांना जपानी गारुडी ठरवतो: पोराचे अवयव तोडून हवेत फेकायचे आणि पोर धडधाकट खाली आणायचं! मॉन्तेस्क्यूने १७४८ साली आपल्या ग्रंथात इंग्लंडचा दाखला दिला खरा, पण तो तिथे होता (१७२९ ते १७३१) तेव्हा पंतप्रधान वॉलपोल खजिना सांभाळून संसदेच्या कॉमन्स सभागृहातही बसत होता. कसलं डोंबलाचं विभाजन?

तिरकस: वॉलपोल ऐकून ऐकून कान किटले. पुढची पानं वाचा की! मॉन्तेस्क्यू म्हणतो, राजाला कायदा अडवता येतो, करता येत नाही. कर आणि सैन्य यांना मंजुरी दर वर्षी नव्याने, कायमची दिली की विधिमंडळ संपलं. हे लगाम आहेत, भिंती नव्हेत. अमेरिकी घटनेचा एक शिल्पकार मॅडिसन, त्याने १७८८ मध्ये हेच सांगितलं. भिंती बांधल्या १७९१ च्या फ्रेंच घटनेने: ७४५ जणांची एकच सभा, सभासदाला मंत्री व्हायला बंदी, राजाला सभा बरखास्त करता येत नाही, नकाराधिकाराने कायदा मात्र पुढच्या दोन सभांपर्यंत अडवता येतो. राजाने धर्मगुरूंविरुद्धचा कायदा अडवला, सभा हटेना, कोंडी फोडायला वाटच नाही. १० ऑगस्ट १७९२ ला ती तुइलरी राजवाड्यावरच्या हल्ल्याने फुटली. वर्षसुद्धा टिकली नाही ती घटना.

सावळा_गोंधळ: लगाम राहू द्या. अमेरिकेतल्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या १६६९ च्या घटनेतलं कलम ११० वाचलंत? स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामांवर पूर्ण सत्ता. मसुद्याच्या कामात लॉकचा हात होता. आणि हे म्हणे हक्कांचे जनक.

तिरकस: आला विषयाला फाटा! लॉक वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता, मालक नव्हता. त्याच्या दुसऱ्या प्रबंधात गुलामी फक्त न्याय्य युद्धात हरलेल्या आक्रमकापुरती आहे. त्याच्या बायकामुलांवर विजेत्याचा हक्क नाही, प्रकरण सोळावं.

सावळा_गोंधळ: वा, फारच छान बचाव! म्हणजे पिढीजात गुलामी चूक ठरवणारा सिद्धांत लिहिणाऱ्यानेच आधी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर घेतले होते. चिटणिसाला पगार पुरत नव्हता वाटतं?

जुनी_वही: दोघेही ओरडू नका. जोतीरावांनी मानवी हक्कांचा पुरस्कर्ता टॉमस पेन वाचला, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. लॉक चांगला की वाईट यावर त्यांचं काही अडलं नाही.

सावळा_गोंधळ: मग लॉकला वगळा की यादीतून! जोतीरावांना ढाल कशाला करता?

कोरा_कागद: माझ्या धाग्याचं पार कॅरोलायना केलंत. असो. लगामांचं कबूल, वॉलपोल अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण मंत्री विधिमंडळातूनच निवडले तर स्वातंत्र्य संपलं, हेही मॉन्तेस्क्यूनेच लिहिलंय, तिरकसराव. पुढची पानं वाचा की!