पाठिंबा ठरावाला की तारखांना? इस्रायल-पॅलेस्टाईन वाटाघाटी आणि मध्यस्थांची जबाबदारी

वाटसरू (मूळ धागा):
१२ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा पुरस्कार करणारा न्यूयॉर्क जाहीरनामा १४२ विरुद्ध १० मतांनी उचलून धरला आणि भारतानेही बाजूने मत दिले, याचे मला समाधान आहे. मात्र पाठिंब्याच्या शब्दांची तिथे कधीच वानवा नव्हती. इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टाईन मुक्ती संघटना) यांच्यातल्या १९९३ च्या ओस्लो कराराने पाच वर्षांचा अंतरिम काळ ठरवला आणि जेरुसलेम, निर्वासित, व्यापलेल्या भागातल्या इस्रायली वसाहती व सीमा हे अवघड प्रश्न पुढच्या बोलण्यांवर सोडले. तो काळ ४ मे १९९९ रोजी उलटून गेला. मुदत मोडली म्हणून जाब विचारण्याचा अधिकार करारात कोणालाच नव्हता.

याउलट इजिप्तचे सिनाई द्वीपकल्प पाहा. इजिप्त-इस्रायल यांच्या १९७९ च्या करारात माघारीचे टप्पे नेमलेले होते आणि २५ एप्रिल १९८२ ला इस्रायल यामित ही स्वतःची वसाहत पाडून तिथून बाहेर पडला. तिथल्या 'ताबा' नावाच्या ठिकाणच्या चिमुकल्या किनारपट्टीवरून वाद उरला, तोही ९१ क्रमांकाचा सीमास्तंभ मुळात कुठे होता एवढ्यावर. पाच जणांच्या लवादाने १९८८ मध्ये इजिप्तच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ती जागा परत गेली. चार युद्धे लढलेल्या दोन देशांनी एका खांबासाठी लवाद मानला. जगाने आज पाठिंबा द्यायचा तर तो अशा तारखांना आणि त्या तपासणाऱ्या यंत्रणेला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सडेतोड:
सिनाईची तुलना मला पटत नाही. तिथे दोन सार्वभौम राष्ट्रे होती, मध्ये विरळ वस्तीचे वाळवंट होते आणि इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात नोव्हेंबर १९७७ मध्ये स्वतः जेरुसलेमला गेले होते. ओस्लोतही नॉर्वेने बोलणी करायला निवांत जागा दिली, दडपण आणले नाही, म्हणूनच माणसे मोकळी बोलली. बाहेरून घाई केली की काय होते ते अमेरिकेच्या मध्यस्थीने झालेल्या २००० च्या कॅम्प डेव्हिड बैठकीने दाखवले: दोन आठवड्यांची बैठक फिसकटली आणि सप्टेंबरअखेर दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनींचा उठाव) पेटला. २००५ मध्ये इस्रायलने गाझातल्या सगळ्या २१ वसाहती ठरल्या तारखेला हलवल्या. दोन वर्षांत तिथे हमासची सत्ता आली आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० माणसे मारली गेली. तारीख पाळली गेली, शांतता मात्र आली नाही.

समुद्रकाठ:
आमच्या अलिबागच्या इस्रायळ आळीतले एक शेजारी कुटुंब पन्नासेक वर्षांपूर्वी अश्दोदला गेले. तिथल्या मावशी फोनवर आजही आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत बोलतात. घरातली एक खोली जाड काँक्रीटची, खिडकीला लोखंडी झडप. सायरन झाला की सगळे तिथे, म्हणून नातवाचे दप्तर त्यांनी तिथेच ठेवले आहे. त्यांना पाडलेल्या गाझाचेही रडू येते, पण कागदावरच्या हमीवर विसंबून ती झडप उघडी टाकायला त्या तयार नाहीत. तारखा तपासणारी यंत्रणा हवी असेल तर तिने रॉकेटही तितक्याच काटेकोरपणे तपासली पाहिजेत.

ऑलिव्ह:
मावशींची भीती खरी आहे. पण वेस्ट बँकेतल्या शेतकऱ्याकडे बंद करायला तशी झडपही नाही. मुळात व्यवहारच असमान होता. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रात पीएलओचे प्रमुख अराफात यांनी इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केला, तर इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या एकाच वाक्याच्या उत्तरात पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचे प्रतिनिधी मानले गेले. राष्ट्राचा त्यात उल्लेखही नव्हता. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानंतर वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग 'क' क्षेत्र म्हणून इस्रायलच्या पूर्ण ताब्यात राहिला आणि बोलणी चालू असतानाच वसाहती वाढत गेल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले आहे. ज्याच्या पायाखालची जमीन रोज सरकते आहे, त्याला 'आधी वाटाघाटी करा' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भारताने १९८८ मध्येच पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, ते योग्य केले.

वाटसरू:
ऑलिव्ह यांचा मुद्दा मी मान्य करतो. म्हणूनच वसाहतींचे बांधकाम थांबवण्याची तारीख पहिली असावी. सडेतोड, गाझाची माघार एकतर्फी होती. त्यामागे पॅलेस्टिनींशी करार नव्हता, म्हणून ते उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. समुद्रकाठ यांची अट मात्र जशीच्या तशी घ्यायला हवी. १९५६ नंतर गाझा आणि सिनाईत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत आपले जवान होते. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सेना हटवा म्हटले, ती हटू लागली आणि तीन आठवड्यांत युद्ध पेटले. त्यात आपलेही जवान गेले. एका पक्षाच्या शब्दावर उठून जाणारी देखरेख नको, एवढा धडा सिनाईत आज करारावर देखरेख करणाऱ्या बहुराष्ट्रीय पथकाने घेतला आहे.

सडेतोड:
एकतर्फी माघारीबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण सिनाईतले ते पथक दोन्ही सरकारांना हवे आहे म्हणून टिकले आहे. रामल्ला (पॅलेस्टिनी प्रशासनाचे ठिकाण) आणि गाझा यांच्या वतीने सही करणारा, आणि ती पाळून दाखवणारा एक हात कुठला, हे आधी सांगा.