अँजेला ओकुटोयीने अमेरिकेत कॉलेजला जायला नको होतं

बेसलाइनवाला:
केनियाची टेनिसपटू अँजेला ओकुटोयी. २०२२ ला विंबल्डनची ज्युनिअर डबल्स जिंकली, केनियाला मिळालेलं पहिलंच ज्युनिअर ग्रँड स्लॅम. पण त्यानंतर फुल टाइम टूरवर, म्हणजे देशोदेशी फिरून प्रो स्पर्धा खेळायला, न उतरता अमेरिकेतल्या ऑबर्न युनिव्हर्सिटीत गेली. मार्च २०२४ मध्ये घानातल्या अक्राला आफ्रिकन गेम्समध्ये वाटेत इजिप्तच्या मयार शेरिफला हरवून सिंगल्सचं गोल्ड घेतलं, तरी पॅरिस ऑलिंपिक हुकलं, कारण त्या गोल्डवर जायलाही रँकिंग पहिल्या ४०० त पाहिजे होतं आणि कॉलेजच्या मॅचेसना डब्ल्यूटीए पॉइंट (ज्यावर महिलांचं रँकिंग ठरतं) नसतात. फार वाईट वाटतं.

क्रॉसकोर्ट:
आणि टूरचा खर्च कोण करणार होतं? आई नाही, आजीने वाढवलं, आजी शाळेत साफसफाईचं काम करायची. खालच्या लेव्हलच्या स्पर्धेत सगळी मिळून बक्षिसं १५ हजार डॉलरची, जिंकणारीला दोन हजारांच्या थोडं वर, पहिल्याच राउंडला हरलं तर हॉटेलचे पण सुटत नाहीत, वर विमान, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), कोच. कॉलेजात कोच, फिजिओ, जिम सगळं फुकट. आणि ज्या शेरिफचं नाव घेताय ती स्वतः अमेरिकेत पेपरडाइन युनिव्हर्सिटीला शिकून टॉप ५० मध्ये गेली ना!

ड्रॉपशॉट_नाशिक:
ट्युनिशियाची ऑन्स जबर नाही गेली कॉलेजला. २०११ ला ज्युनिअर फ्रेंच ओपन, टॉप १०० ला २०१७ उजाडलं, मग विंबल्डनच्या दोन फायनल. टिकून राहावं लागतं.

क्रॉसकोर्ट:
जबरच्या ट्युनिशियात मोनास्तीरला जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा असते. नैरोबीहून तिथे जायचं म्हणजे अख्खा खंड ओलांडायचा.

मी_श्रीरामपूरची:
आपली ऋतुजा भोसले पण टेक्सास ए अँड एम ला शिकली, नंतर प्रो झाली, २०२३ च्या एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणलं. उशीर झाला म्हणून करिअर संपत नाही.

बेसलाइनवाला:
ऋतुजाचं मान्य, पण ते डबल्स. सिंगल्सला १८ ते २१ ही वर्षं मोलाची असतात, तेव्हा गोळा केलेल्या पॉइंटवरच मोठ्या स्पर्धांची क्वालिफाइंग (मुख्य स्पर्धेआधीची पात्रता फेरी) मिळते. एक वर्ष, फक्त एक वर्ष कुणीतरी तिची तिकिटं काढायला हवी होती.

क्रॉसकोर्ट:
कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगा. कॉलेजने निदान काढली.